मधला ‘एम’

माझी आत्या पंगतीत नेहमी कडेची जागा धरते, उजवा खांदा भिंतीला लागेल अशी. लग्नकार्यात कुणी तिला मध्ये बसवायला गेलं तर ती हसून नाही म्हणते. इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकालाही तिला सभागृहाच्या उजव्या अंगाची खुर्ची लागते, म्हणजे रंगमंच डाव्या कानाकडे येतो. नऊ वर्षांची असताना रामबागेतल्या घरी तिला गालगुंड झालं. हळद-चुन्याचा लेप लावला, मऊ भात भरवला, आठ दिवसांत गाल उतरले. उजवा कान गेला हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढे कित्येक महिन्यांनी शाळेतल्या बाईंनी सांगितलं की हिला हाक मारली की ही भलतीकडेच बघते. आज ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला की अजूनही चुकीच्या बाजूला सरकते. एका कानाने आवाज ऐकू येतो, तो कुठून आला ते कळत नाही.

घरात ही सगळी हकीगत ‘तिला लहानपणी गालगुंड झालं होतं’ एवढ्या एका वाक्यात संपते. गालगुंड म्हणजे लहान मुलांचं दुखणं, येतं आणि जातं, ही आपल्या सगळ्यांची समजूत. मीही तीच धरून होते. गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर जे घडलं त्याने ती मोडली.

आमचं घर इंदूरमध्येच, भंवरकुआंपासून पायी दहा मिनिटांवर. वर तीन खोल्या आहेत, त्यात सहा मुलं राहतात, सगळी एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी. कुणी बऱ्हाणपूरचा, कुणी खरगोनचा, कुणी बडवानीचा. एका बाटलीतून पाणी पितात, एका ताटलीत पोहे खातात, एकाच टेबलावर रात्री दोनपर्यंत वाचतात. बऱ्हाणपूरचा मुलगा मराठी घरातला, वय बावीस, मला काकू म्हणतो. एका रविवारी मी वर पोहे पाठवले होते. त्याने लिंबू पिळलं, पहिला घास तोंडात घातला आणि एकदम गाल धरून खाली बसला. म्हणाला, “काकू, अक्कलदाढ येतेय बहुतेक.”

दाढ नव्हती. कानाच्या पाळीखालची लाळेची ग्रंथी सुजली होती. आंबट चाखलं की ती ग्रंथी लाळ सोडायला धडपडते आणि कळ निघते. संध्याकाळपर्यंत पाळी वरच्या दिशेला उचलली गेली, जबड्याची रेघ दिसेनाशी झाली. शेजारच्या शर्माभाभींनी बघताक्षणीच सांगितलं, “ये तो कनफेड है.” म्हणजे गालगुंड. दुसऱ्या दिवशी दुसराही गाल फुगला. पाचव्या दिवशी सूज जरा उतरली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि सहाव्या दिवशी ताप पुन्हा एकशे तीनवर गेला. त्या संध्याकाळी तो कसाबसा जिना उतरून आला आणि मला न बघता विचारलं, “काका आहेत का?”

काय झालं होतं ते तो मला सांगू शकत नव्हता, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. वयात आलेल्या, लस न घेतलेल्या पुरुषांमध्ये या विषाणूने वृषणाला सूज येण्याचं प्रमाण मोठं आहे; वैद्यकीय पुस्तकं ते साधारण दहांत दोन ते तीन असं देतात. सहसा एकाच बाजूला येते, पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, पण ग्रंथी पुढे आकसून लहान होण्याचं प्रमाण क्वचित नाही. यांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं, तिथे डॉक्टरांनी हे नीट समजावलं. तरी तो मुलगा चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. ज्या परीक्षेसाठी दोन वर्षं घर सोडून राहिला, ती त्याची बुडाली. आणि त्याचे गाल उतरल्यावर, म्हणजे पहिल्या दिवसापासून मोजलं तर सतराव्या दिवशी, खरगोनचा त्याचा खोलीसोबती उठला तो एका बाजूला वाकडा चेहरा घेऊनच.

सतरा दिवस हा आकडा मला नंतर कळला की अगदी पुस्तकातला आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून सूज दिसेपर्यंत बहुधा सोळा ते अठरा दिवस जातात. शिवाय सूज दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवत असतो. आणि लागण झालेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला सूज येतच नाही, नुसती कणकण वाटते. त्यामुळे वसतिगृहात एकाला वेगळं ठेवून काही थांबवता येत नाही. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मग मी दोन कार्डं शेजारी ठेवून बघितली. एक माझ्या नातीचं, पलासियाच्या बालरोगतज्ज्ञांकडचं, गुळगुळीत कागदाचं. दुसरं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचं, अंगणवाडीत मिळालेलं मातृ-शिशु सुरक्षा कार्ड, घडीवर फाटलेलं, पण प्रत्येक रकान्यात तारीख आणि सही व्यवस्थित. मावशींनी एकही डोस चुकवलेला नाही. नातीच्या कार्डावर ‘एमएमआर’ आहे. मावशींच्या नातवाच्या कार्डावर ‘एमआर’ आहे. मीझल्स, मम्प्स, रुबेला: गोवर, गालगुंड, रुबेला. सरकारी कार्डावरून मधला ‘एम’ गेलेला आहे. तो गालगुंडाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो मधला ‘एम’ सरकारी लसीत आला पाहिजे, सगळ्यांसाठी आला पाहिजे, आणि जे त्याच्याशिवाय वाढले त्या अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींसाठीही काही व्यवस्था झाली पाहिजे. अर्धवट लसीकरणाची आजची स्थिती सगळ्यात वाईट आहे. ती वाईट का, हे नीट मांडायला हवं, कारण ‘लस घ्यावी’ एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला, त्यात गोवराची लस होती. २०१७ पासून गोवर-रुबेला अशी जोडलस मोठ्या मोहिमेने आणली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना. आपल्या मध्य प्रदेशात ती मोहीम २०१९ मध्ये झाली. शाळांतल्या रांगा, पालकांच्या शंका, शिक्षकांची धावपळ पुष्कळांना आठवत असेल. ते फार मोठं काम होतं आणि ते चांगलं झालं. पण त्या सुईत गालगुंड नव्हतं. खासगी दवाखान्यांत मात्र भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकाप्रमाणे एमएमआरचे तीन डोस देतात: नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं. म्हणजे एकाच शहरात दोन प्रकारची मुलं वाढतात. ज्यांच्या आईवडिलांना काही शे रुपयांचे तीन डोस परवडतात ती, आणि बाकीची.

‘मग बाकीच्यांना लहानपणीच होऊन जाईल की, आपल्यालाही झालं होतं,’ असं मला आमच्या भिशीत एकीने सांगितलं. हे पूर्वी खरं होतं. वाड्यात पंधरा मुलं असायची, एकाला झालं की महिन्याभरात सगळ्यांना व्हायचं, आणि एकदा झालं की बहुतेकांना जन्मभर पुन्हा होत नाही. आज पन्नाशी-साठीत असलेल्या बहुतेकांच्या अंगात ही प्रतिकारशक्ती तशीच आलेली आहे. पण मुलं कमी झाली, घरं वेगळी झाली, आणि गावातल्या काही मुलांना लस मिळू लागली की विषाणू मंदावतो, थांबत नाही. मग ज्याला पाचव्या वर्षी व्हायचं त्याला विसाव्या वर्षी होतं. पाचव्या वर्षी गाल फुगून आठवडाभरात खेळायला गेला असता तोच पोरगा विसाव्या वर्षी ‘काका आहेत का’ असं विचारत जिना उतरतो.

हे माझ्या डोक्यातलं गणित नाही. ग्रीसने हेच रुबेलाच्या बाबतीत भोगलंय. १९७५ च्या सुमाराला तिथे एमएमआर आली, पण कित्येक वर्षं निम्म्या मुलांपर्यंतही पोचली नाही. गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाला बाधणारा हा रोग लहानांतून सरकून तरुण बायकांमध्ये गेला आणि १९९३ मध्ये जन्मजात रुबेलाचे दोष घेऊन आलेल्या बाळांची लाट आली. काहीच न करण्यापेक्षा अर्धवट करणं महागात पडलं. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणूनच सांगते की ज्या देशांना गोवर-रुबेलाची लस ८० टक्क्यांहून जास्त मुलांपर्यंत पोचवता येते त्यांनीच गालगुंडाची लस कार्यक्रमात घ्यावी, नाहीतर रोग मोठ्या वयाकडे ढकलला जातो. आपण तर गोवर आणि रुबेला २०२६ पर्यंत संपवायचं ध्येय ठेवून ९५ टक्क्यांच्या मागे लागलो आहोत. जी अट आहे ती आपण दुसऱ्या कारणासाठी पूर्ण करतोच आहोत. इंदूरसारख्या शहरात, जिथे कचरा वेगळा करायची सवय घराघरांत लागली, तिथे लस घरोघर पोचणार नाही असं कुणी म्हणू नये.

त्याहून जवळचा धडा इंग्लंडचा आहे. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे गोवराची मोठी साथ येईल अशी भीती होती. शाळेतल्या पाच ते सोळा वयाच्या मुलांना लस द्यायचं ठरलं. एमएमआर पुरेशी उपलब्ध नव्हती, म्हणून एमआर दिली. आपण २०१९ मध्ये जी दिली तीच जोडी. गोवर आटोक्यात राहिला. दहा वर्षं गेली, ती मुलं कॉलेजांत आणि वसतिगृहांत पोचली, आणि २००५ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये गालगुंडाचे ४३ हजारांहून अधिक रुग्ण तपासणीत पक्के ठरले. त्यांत सर्वाधिक तरुण होते. २०१९ मध्ये आपल्या शाळांच्या रांगेत उभी असलेली मोठी मुलं आत्ता कुठे आहेत? भंवरकुआंला, गीता भवनच्या वसतिगृहांत, नर्सिंग कॉलेजांत. केरळमध्ये २०२४ च्या सुरुवातीलाच हजारो रुग्ण निघाले आणि तिथे एमएमआरची मागणी पुन्हा जोरात सुरू झाली. आपण वाट कसली बघतोय?

सरकारच्या बाजूने जे सांगितलं जातं ते मी मनापासून ऐकलंय आणि त्यात तथ्यही आहे. गालगुंडाने माणूस मरत नाही. न्यूमोनिया, गोवर, जुलाब यांनी मुलं मरतात, म्हणून पैसा आधी तिकडे. रोटाव्हायरसची लस आली, न्यूमोकॉकलची आली, आणि त्या आधी आल्या हे योग्यच झालं. पण गालगुंडासाठी वेगळी सुई लागत नाही, वेगळा दिवस लागत नाही, वेगळी एएनएम ताई (आरोग्यसेविका) लागत नाही, शीतपेटीही तीच. त्याच नऊ महिन्यांच्या आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या डोसाला कुपी बदलायची. दोन्ही लसी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनतात. कुपीच्या किमतीतला फरक हा खर्च खराच आहे, कोट्यवधी बाळांसाठी तो मोठाही होतो. पण श्रीलंकेने २०११ पासून हा खर्च केला. जगातले १२० हून अधिक देश करतात.

आणि ‘मरत नाही’ हे मोजमापच मला मान्य नाही. आत्याचा कान कुठल्या वहीत नोंदला गेला? जुनी पुस्तकं सांगायची की गालगुंडाने बहिरेपण वीस हजारांत एकाला येतं. जपानमध्ये मुलांच्या मागे राहून, घरी एकेक कान तपासून बघितलं तेव्हा ते हजारामागे एक निघालं. एक कान गेलेलं मूल तक्रार करत नाही. त्याला वाटतं सगळ्यांना असंच ऐकू येतं. मेंदूच्या आवरणाला सूज, स्वादुपिंडाला सूज, बुडालेली परीक्षा, बुडालेली मजुरी, लग्न ठरायच्या वयात मनात बसलेली भीती, यातलं काहीच मृत्यूच्या आकड्यात येत नाही.

लसीविरुद्ध दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली सुरक्षिततेची. गालगुंडाच्या लसीत विषाणूचे वेगवेगळे वाण वापरतात. अमेरिकेतल्या लसीचा वाण लसशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी १९६३ मध्ये स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलीला गालगुंड झालं तेव्हा तिच्या घशातून घेतला. तो सगळ्यात सौम्य वाणांपैकी एक. उराबे नावाच्या वाणाने काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते असं दिसल्यावर इंग्लंडने १९९२ मध्ये तो बंद केला, जपानने १९९३ मध्ये आपली एमएमआरच थांबवली. आपल्याकडच्या लसीत लेनिनग्राड-झाग्रेब हा वाण वापरत आले आहेत, आणि ब्राझीलमध्ये १९९७ च्या एका मोठ्या मोहिमेत या वाणानंतर साधारण ३,४०० डोसांमागे एकाला अशी सूज आली. ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. खुद्द गालगुंडात ही सूज शंभरात एक ते दहा जणांना येते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मला निर्णय अवघड वाटत नाही. पण ते आकडे लोकांना आधी सांगायला हवेत, एएनएम ताईंनाही सांगायला हवेत. लपवलेली गोष्ट मोहिमेच्या मध्यावर व्हॉट्सॲपवर आली की मोहीमच बसते. वाण कोणता घ्यायचा यावरही तज्ज्ञांनी उघड बोलावं.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीचा खरा प्रश्न तिथेच आहे. लसीने आलेलं संरक्षण हळूहळू उतरतं. अमेरिकेत २००६ मध्ये साडेसहा हजार जणांना गालगुंड झालं, त्यांत कॉलेजातली मुलं पुष्कळ होती आणि अनेकांनी लहानपणी दोन्ही डोस घेतलेले होते. २०१८ मध्ये दोन संशोधकांनी हिशोब मांडला की शेवटच्या डोसानंतर सरासरी २७ वर्षांत हे संरक्षण ओसरतं. त्याच सुमारापासून तिथे साथ पसरलेल्या गटांना तिसरा डोस द्यायची शिफारस आहे. आयोवातल्या विद्यापीठातल्या साथीत तिसरा डोस घेतलेल्यांना लागण ७८ टक्के कमी झाली होती. हे सगळं पुढे करून ‘बघा, लस घेऊनही होतंच’ म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते की १९६७ मध्ये लस यायच्या आधी अमेरिकेत दरवर्षी किती रुग्णांची नोंद व्हायची? जवळजवळ एक लाख ८६ हजार. साडेसहा हजारांची साथ तिथे बातमी होते, याचा अर्थ लस चालते.

तरी यातून एक गोष्ट मान्य करावीच लागते: बालपणीच्या दोन डोसांवर आयुष्यभराचा भरवसा ठेवता येणार नाही. म्हणून मोठ्यांसाठी धोरण आत्ताच आखायला हवं. सगळ्या प्रौढांना सरसकट टोचा असं मी म्हणत नाही. जिथे तरुण माणसं दाटीने राहतात तिथे, प्रवेशाच्या वेळी, २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस. वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयं, विद्यापीठांची वसतिगृहं, पोलीस भरतीची प्रशिक्षण केंद्रं, आणि कोचिंगवाल्यांची खासगी वसतिगृहं, ज्यांच्याकडे आज कुणाचंच लक्ष नाही. प्रवेशाच्या वेळीच का? कारण विषाणूशी गाठ पडून गेल्यावर दिलेली लस त्या खेपेला रोग थांबवत नाही. साथ आल्यावर धावून फारसं हाती लागत नाही.

रक्त तपासून ‘हिच्यात प्रतिकारशक्ती आहे का’ बघत बसण्याची गरज नाही. रक्तातली प्रतिद्रव्यं किती असली म्हणजे गालगुंड होणार नाही याची पक्की रेषा शास्त्राला अजून सापडलेली नाही, आणि ज्याला आधीच संरक्षण आहे त्याला डोस दिल्याने अपाय होत नाही. गरोदर बाईला आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने खालावली आहे त्यांना मात्र ही लस द्यायची नाही, घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. मुलींच्या बाबतीत तर लाभ दुहेरी आहे. वीस वर्षांच्या मुलीला दिलेल्या एमएमआरमधला रुबेला तिच्या पुढच्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय वाचवतो.

हे साधं आहे, पण सोपं नाही, याचा अनुभव मी घेतला. वरच्या मुलांना लस द्यावी म्हणून मी एका दवाखान्यात विचारायला गेले. काउंटरवरून उत्तर आलं, “मॅडम, ये तो बच्चों का टीका है.” दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी विचारलं, परदेशी जाताहेत का? परदेशी विद्यापीठ मागतं म्हणून आपली मुलं एमएमआरचे दोन डोस घेतात. इथल्या वसतिगृहात राहायला काही लागत नाही. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरबाईंनी फ्रीज उघडून कुपी आहेत का ते पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन या म्हणाल्या. बऱ्हाणपूरच्या आणि खरगोनच्या मुलांना होऊन गेलं होतं, बाकीचे चार गेले.

आम्ही भाडेकरूंकडून पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून घेतो. त्याच फॉर्मच्या प्रतीमागे मी आता पट्टीने दोन रकाने आखले आहेत, पहिला डोस, दुसरा डोस. पहिल्यात चारही जणांच्या तारखा आहेत. दुसऱ्यात तीन. चौथा पिकं काढायला बडवानीला गेलाय, रविवारी येतो.